ऑइल कूलरला पाणी कुठून द्यावे: किट कारमधील नळ्यांची मांडणी

किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून घरी बांधलेल्या गाडीत, इंजिनाचे तेल पाण्याने थंड करणारा ऑइल कूलर बसवायचे ठरले, की बहुतेक जण आधी नळ्यांची जाडी, त्यांची वळणे आणि क्लिपा यांच्या विचाराला लागतात. माझ्या मते हे सगळे नंतरचे आहे. आधी ठरवायचे ते नळीच्या दोन टोकांविषयी: कूलरसाठी पाणी इंजिनाच्या कोणत्या जागेतून उचलायचे, आणि कूलरमधून बाहेर पडल्यावर ते कोणत्या जागी परत सोडायचे. ही दोन टोके नीट निवडली, तर मधली नळी चार बोटे अलीकडून गेली काय किंवा पलीकडून गेली काय, काम होते. ती चुकली, तर कितीही देखणी नळी लावली तरी कूलरमधले पाणी जागचे हलत नाही.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची दोन आसनांची गाडी बांधतो आहे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली सेव्हन आणली, तेव्हा सुट्या भागांच्या रूपात विकत घेतलेल्या गाडीवर ब्रिटनमधला खरेदी कर लागत नसे, आणि घरी गाडी बांधण्याची इथली परंपरा त्या सवलतीच्या आधाराने वाढली. १९७३ मध्ये व्हॅट लागू झाल्यावर सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. बांधण्याची हौस मात्र कराबरोबर गेली नाही. माझ्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल माझदा एमएक्स-५ या गाडीतून घेतलेले आहेत. इंजिन १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये चकतीच्या आकाराचा पाणी-तेल कूलर कंपनीनेच दिलेला असतो. एका बाजूने तेल जाते, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि मध्ये धातूचे पातळ पडदे असतात. कूलर आहे तोच ठेवायचा असला तरी नळ्या मात्र नव्याने मांडाव्या लागतात, कारण मूळ रबरी नळ्या त्या गाडीच्या बॉनेटखालच्या जागेसाठी साच्यातून घडवलेल्या असतात आणि किट कारमध्ये रेडिएटर, हीटर, पाण्याची टाकी यांपैकी एकही वस्तू आपल्या जुन्या जागी राहत नाही.

हवेवर चालणारा कूलर का नको, हे आधी सांगायला हवे. सेव्हनच्या नाकाचे तोंड लहान असते. त्यात रेडिएटरच मुश्किलीने बसतो. त्याच्यापुढे आणखी एक जाळी उभी केली, तर रेडिएटरला तापलेली हवा मिळते. शिवाय तेल इंजिनाबाहेर काढून पुढे नाकापर्यंत न्यायचे, म्हणजे चार-पाच बार दाबाखालचे गरम तेल वाहणाऱ्या दोन लांब नळ्या गाडीत आल्या, आणि त्यांतली एखादी फुटली, तर ऑइल चेंबर रिकामे व्हायला फार वेळ लागत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इथल्या हिवाळ्यात तेल तापायला पाण्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो, आणि तेल नीट तापले नाही, तर ज्वलनातून उतरलेली पाण्याची वाफ त्यातून उडून जात नाही. पाण्यावरचा कूलर सकाळी तेलाला ऊब देतो आणि दुपारी ट्रॅकवर तेच तेल थंड करतो. थंड करण्यापेक्षा तेलाला पाण्याच्या तापमानाजवळ धरून ठेवणे हे त्याचे खरे काम आहे.

आता पाण्याच्या वाटेकडे वळू. पंप पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो, तिथून ते हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणासारख्या भागात चढते, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडा असेल तर रेडिएटरकडे जाते आणि थंड होऊन पंपाच्या शोषण-बाजूला परत येते. या संपूर्ण वाटेवर सर्वांत जास्त दाब पंपातून बाहेर पडताच ब्लॉकमध्ये असतो आणि सर्वांत कमी पंपाच्या शोषण-बाजूच्या तोंडाशी. कूलरच्या दोन टोकांमध्ये हा दाबाचा फरक मिळाला तरच त्यातून पाणी वाहते. एकाच जाड नळीवर जवळजवळ दोन टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, बसवून एकीतून पाणी घ्यायचे आणि दुसरीत सोडायचे, अशी मांडणी मी लोकांच्या गाड्यांत पाहिली आहे; तिथे दोन्ही टोकांचा दाब जवळपास सारखाच असतो, त्यामुळे बहुतेक पाणी सरळ जाड नळीने निघून जाते आणि कूलरच्या वाट्याला नाममात्र प्रवाह येतो.

खालच्या जाड नळीत, म्हणजे रेडिएटरकडून पंपाकडे येणाऱ्या वाटेत, कूलर सलग बसवण्याचा पर्याय काही रेसिंग गाड्यांत वापरतात. तिथे सर्वांत थंड पाणी मिळते आणि सगळेच पाणी कूलरमधून जाते. पण थर्मोस्टॅट हेडच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी असलेल्या इंजिनात तो उघडेपर्यंत या नळीतले पाणी स्थिरच असते, म्हणजे सकाळी तेलाला ऊब देण्याचे काम होत नाही. त्यातच पंपाच्या शोषण-बाजूला अडथळा वाढला, तर वरच्या आरपीएमला पंपाच्या पात्यांपाशी बुडबुडे तयार होऊ लागतात आणि पंपाची ताकद घटते. फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीसाठी हा पर्याय योग्य असेल. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी तो निवडणार नाही.

माझ्या इंजिनात उत्तर हेडच्या मागच्या टोकाला आहे. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीच्या घराण्यातले. तिथे पाणी एका टोकाने आत येते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. एमएक्स-५ मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला गेला, त्यामुळे पाणी आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा दोन्ही पुढेच आल्या आणि मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवतीचा प्रवाह क्षीण झाला. हेडच्या मागच्या टोकातून हीटरसाठी निघणारी जी वाट आहे, तीच या कोपऱ्यातले पाणी हलते ठेवते. किट कार बांधणारे हीटर काढून टाकतात आणि हे तोंड बूच मारून बंद करतात, तेव्हा चौथ्या सिलिंडरला मिळणारा हा थोडासा प्रवाहही तुटतो. म्हणून कूलरचे पाणी मी इथूनच घेतले आहे आणि पंपाच्या शोषण-बाजूला परत सोडले आहे. दाबाचा भरपूर फरक मिळतो, थर्मोस्टॅट बंद असला तरी प्रवाह चालू राहतो आणि हेडच्या मागच्या भागाला सतत ताजे पाणी मिळते. इतर इंजिनांच्या बाबतीत आपापल्या इंजिनाची वाट आधी समजून घ्यावी. काहींमध्ये हीटरची वाट हीच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी फिरवणारी, वाट असते आणि ती बंद केल्यास गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत वेळेवर पोहोचतच नाही.

यावर आक्षेप असा येतो की हेडमधून निघालेले पाणी आधीच तापलेले असते, त्याने तेल थंड कसे होणार. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, त्यामुळे हे पाणी साधारण ९० ते ९५ अंशांचे असते. तेल मात्र जोरात चालवताना १२० च्या पुढे जाऊ शकते. मला ते १०० ते ११० च्या आसपास हवे आहे, ७० वर नको. आणि त्यासाठी ९५ अंशांचे पाणी पुरते, अट एवढीच की ते पुरेसे वाहिले पाहिजे. समजा मिनिटाला २० लिटर तेल कूलरमधून जाते आणि त्याचे तापमान १० अंशांनी उतरवायचे आहे. तर सुमारे ६ किलोवॉट उष्णता पाण्याला उचलावी लागते. पाणी-ग्लायकॉलचे मिश्रण मिनिटाला १० लिटर वाहत असेल, तर एवढी उष्णता घेऊन ते साधारण १० अंशांनी तापते, आणि हे चालण्यासारखे आहे. तोच प्रवाह ३ लिटरवर आला, तर तेवढी उष्णता उचलायला पाण्याने तीस अंशांहून अधिक तापायला हवे. ते शक्य नाही, कारण तेव्हा पाणी तेलापेक्षा गरम होईल. म्हणजे व्यवहारात तेल थंड होणेच थांबते. हे ६ किलोवॉट शेवटी रेडिएटरनेच बाहेर टाकायचे असतात, हेही रेडिएटर निवडताना हिशेबात धरावे लागते.

हीटर ठेवायचा असेल तर आणखी एक निर्णय उरतो. इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यापूर्वी आयव्हीए नावाची तपासणी असते. २००९ पासून कारसाठी जुन्या एसव्हीए तपासणीच्या जागी ती आली. गाडीला पुढची काच असेल, तर काचेवरचे धुके हटवण्याची सोय तीत लागते. ती हीटरने केली तरी चालते, विजेने तापणाऱ्या काचेने केली तरी चालते. मी हीटर ठेवला आहे. तो आणि कूलर एकाच सलग वाटेवर बसवले, तर नळ्या कमी लागतात आणि मांडणी सुटसुटीत दिसते, पण किट कारसाठी मिळणाऱ्या लहान हीटरला पाण्याचा साधा कॉक असतो. उन्हाळ्यात पाय भाजू लागले की चालक तो बंद करणार, आणि नेमक्या त्याच दिवशी तेलाचे पाणी बंद होणार. चार तोंडांचा बायपास कॉक लावला तर ही अडचण सुटते, कारण हीटर बंद केल्यावरही पाणी पुढे जात राहते. मी तरीही दोन समांतर वाटा केल्या: हेडच्या मागे टी, एक फाटा हीटरला, दुसरा कूलरला, आणि पंपाआधी दोन्ही पुन्हा एकत्र. कूलरच्या फाट्यावर मुद्दामच कसलाही कॉक ठेवलेला नाही. हीटरच्या आतल्या अरुंद नळ्यांपेक्षा कूलरमधली वाट मोकळी असल्याने पाणी तिकडे अधिक ओढले जाते आणि थंडीत हीटर किंचित मंद वाटतो. ही किंमत मला मान्य आहे.

सेव्हनसारख्या गाडीत सर्वांत जास्त विचार खातो तो हवेचा प्रश्न. गाडीचे नाक उतरते असल्याने रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असतो, हीटर मात्र डॅशबोर्डच्या पुढे, सर्वांत उंच जागी. म्हणजे हवा जिथे जाऊन बसेल तिथून तिला काढून देणारे काहीच नसते. सांगलीला माझे मामा डिझेल पंपांची कामे करायचे. कोणतेही इंजिन पुढ्यात आले की "आधी हवा काढ, मग बाकीचं बघ," हे त्यांचे पहिले वाक्य असे. ते डिझेलच्या लाइनविषयी बोलत, पण पाण्याच्या वाटेलाही ते तितकेच लागू आहे. कूलर खाली असल्यामुळे त्याच्याकडे जाणारी नळी सलग उतरती आणि त्याच्याकडून येणारी सलग चढती ठेवायची, मध्ये कुठेही कमान होऊ द्यायची नाही. कूलरच्या दोन तोंडांपैकी जे खाली त्यातून पाणी आत द्यायचे आणि जे वर त्यातून बाहेर काढायचे, म्हणजे आतली हवा प्रवाहाबरोबरच निघते. माझ्या गाडीत परतीची नळी इनलेट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या) खालून पुढे जाताना इंजिनाच्या माउंटिंगवरून चढून पुन्हा उतरणार होती. ती कमान टाळण्यासाठी मी तिथे रबरी नळीऐवजी अॅल्युमिनियमचा वाकवलेला पाइप माउंटिंगच्या खालून नेला. हीटरच्या वरच्या नळीत हवा काढण्याचा स्क्रू असलेला जोड आहे, आणि हेडच्या वरून ८ मिलिमीटरची बारीक नळी सर्वांत उंच बसवलेल्या टाकीत सोडली आहे. टाकीच्या बुडाची नळी पंपाच्या शोषण-बाजूला येते. कूलंट भरताना गाडीचे नाक जॅकवर उचलून धरले, तर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातली हवाही सुटते.

जागेच्या बाबतीत उजवी बाजू अवघड आहे. फिल्टर आणि कूलर इंजिनाच्या उजव्या अंगाला, इनलेट मॅनिफोल्डखाली. गाडी उजव्या स्टिअरिंगची असल्यामुळे स्टिअरिंगचा दांडाही तिथूनच उतरतो. एक्झॉस्ट डावीकडे आहे, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. दांड्याचा सांधा फिरताना त्याची कोपरे वर्तुळ घेतात. म्हणून चाके या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून, दांड्याच्या प्रत्येक स्थितीत नळीपासून बोटभर तरी अंतर राहते ना, हे पाहावे. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते आणि चासी स्थिर असते, हेही लक्षात ठेवायला हवे. नळी इंजिनावरच सुरू होऊन इंजिनावरच संपत असेल, तर तिला इंजिनालाच बांधावे. इंजिनावरून चासीवर जात असेल, तर दोन आधारांच्या मध्ये तिला थोडी ढील द्यावी. मी कूलरचा फाटा संपूर्णपणे इंजिनावरच ठेवला आहे, चासीला त्याचा स्पर्शही नाही. हीटरचा फाटा मात्र चासीवर जातो, तिथे रबर लावलेल्या पी-क्लिपा आहेत आणि पत्र्यातून जाताना ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रबरी कडी, आहे.

नळ्यांचा आतला व्यास दोन्ही फाट्यांवर १६ मिलिमीटर ठेवला. सिलिकॉनची नळी उष्णता चांगली सोसते आणि दिसायलाही छान दिसते, पण साधे सिलिकॉन तेलाने फुगते आणि मऊ पडते. ऑइल फिल्टरच्या शेजारी, जिथे प्रत्येक वेळी फिल्टर बदलताना तेल ओघळणारच, तिथे ती जपूनच वापरावी. पाण्याच्या नळ्यांचे नेहमीचे ईपीडीएम रबरही तेलापुढे टिकत नाही. म्हणून सामग्री कोणतीही असो, फिल्टरखालच्या भागात नळी फिल्टरच्या बरोबर खालून न नेता बाजूने न्यायची आणि फिल्टर काढायला हाताची मूठ आत जाईल एवढी जागा सोडायची, असे मी ठरवले. पंपाच्या शोषण-बाजूची मऊ नळी वरच्या आरपीएमला चिमटू शकते. तिथे आत तारेचे वेटोळे असलेली नळी घ्यावी किंवा लांबी इतकी कमी ठेवावी की ती चिमटणारच नाही. तीव्र वळणावर सरळ नळी ओढून वाकवू नये, तिथे साच्यातला कोपराच वापरावा. वाकवलेल्या नळीच्या आतल्या बाजूला सुरकुती पडली, की तिथला व्यास निम्म्यावर येतो आणि आधी मांडलेला प्रवाहाचा सगळा हिशेब बिघडतो.

अॅल्युमिनियमच्या पाइपच्या टोकाला उंचवट्याची कडा काढून घेतलीच पाहिजे. नळी त्या कडेवरून सरकवून पुढे न्यायची आणि क्लिप कडेच्या मागे बसवायची, कडेवर नाही. कडेवर घट्ट केलेली क्लिप तापमान वर-खाली होताना हळूहळू घसरते. फटी असलेल्या पट्टीची साधी वर्म-ड्राइव्ह क्लिप मऊ सिलिकॉनमध्ये रुतते आणि तिच्या फटीतून रबर बाहेर येते. आतून सपाट अस्तर असलेली क्लिप थोडी महाग पडते, पण नळी कापत नाही. कूलरच्या दोन तोंडांवर मी स्प्रिंगच्या क्लिपा वापरल्या, कारण नळी काळाने दबली तरी त्या आपोआप आवळत राहतात, आणि त्या जागी पुन्हा पुन्हा स्क्रूड्रायव्हर पोहोचवणे कठीण आहे.

इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून १ बार दाब दिला आणि काटा स्थिर राहतो का ते पाहिले. हे काम थंड इंजिनावरच करावे. त्यानंतर इंजिन चालू करून, पाणी तापत असताना, कूलरच्या दोन्ही नळ्यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले. चकाकणाऱ्या अॅल्युमिनियमवर ते मोजमाप फसवे येते, म्हणून रबरावर किंवा काळी टेप लावलेल्या जागी मोजायचे. थर्मोस्टॅट उघडण्याच्या आधीच कूलरची आत जाणारी नळी गरम झाली, आणि थोड्या वेळाने बाहेर येणारीही जवळजवळ तेवढीच गरम झाली, तर पाणी वाहते आहे. एक गरम आणि दुसरी बराच वेळ गार राहिली, तर आत हवा अडकली आहे किंवा दाबाचा फरकच मिळत नाही. तेलाच्या तापमानाचा काटा पाण्याच्या मागोमाग चढू लागला, तेव्हा या मांडणीवर माझा विश्वास बसला.

पुढे गाडी वापरताना टाकीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का, हे अधूनमधून पाहत राहणे आवश्यक आहे. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कूलरमधला पडदा फाटला, तर आधी तेल पाण्यात जाते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, पाण्याचा दाब मात्र गरम असेपर्यंत टिकून राहतो, आणि तेव्हा उलट पाणी तेलात उतरते. टाकीत तवंग दिसला, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. तेल काढून पाहावे आणि हेड गॅस्केटला (हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पॅकिंगला) हात घालण्याआधी कूलर उतरवून, त्याच्या पाण्याच्या बाजूला दाब देऊन, बादलीत बुडवून तपासावा, कारण हेड उघडण्यापेक्षा ते काम कितीतरी थोडक्यात होते.